केकवरच्या गुलाबातलं तिळाचं तेल

मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांतून वाढदिवसाला जो केक घरी यायचा, त्यावरच्या क्रीमच्या गुलाबात लोणी नसायचं, हे आता गुपित राहिलेलं नाही. ते वनस्पती तुपाचं असे, किंवा बेकरीच्या मार्गारिनचं. पण त्या गुलाबात तिळाचं तेलही असायचं, आणि तेही बेकरीवाल्याच्या मर्जीने नव्हे तर कायद्याने, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1955च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे, अशी अट होती. मार्गारिनलाही तिळाच्या तेलाचं बंधन होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून बटरक्रीमच्या इतिहासाकडे मला दुसऱ्या नजरेने पाहताच आलेलं नाही. हा इतिहास सगळे पॅरिसपासून सांगतात. मला तो तिळापासून सांगावासा वाटतो.

पॅरिस एका परिच्छेदात उरकतो. लोणी, साखर आणि अंड्याचा बलक यांचं क्रीम फ्रेंच मिठाईवाल्यांच्या हाती 19व्या शतकाच्या मध्यावर स्थिरावलं. कॉफीच्या बटरक्रीमचा ‘मोका’ केक ओदेओं चौकातल्या गिन्यार नावाच्या मिठाईवाल्याने 1857 साली केला, असं फ्रेंच लोक सांगतात. बुडापेस्टच्या योझेफ डोबोशने 1885च्या राष्ट्रीय प्रदर्शनात पातळ थरांचा, चॉकलेट बटरक्रीमचा आणि वर कॅरॅमलची काच असलेला केक मांडला, तिथून हे क्रीम मध्य युरोपात घरोघरी गेलं. डोबोशच्या केकबद्दल एक आख्यायिका आहे: शिकाऊ पोराने लोण्यात मिठाऐवजी चुकून साखर घातली आणि त्यातून क्रीम जन्मलं. मला ही गोष्ट मुळीच पटत नाही. लोणी-साखर फेसण्याची युक्ती फ्रान्समध्ये आधीच रुळलेली होती आणि डोबोश स्वतः परदेशी फिरून आलेला होता. मात्र त्याच्या केकमधली एक गोष्ट पुढे कामाला येते. बर्फाच्या पेट्या सगळीकडे नसण्याच्या काळात तो टिकायचा. खास पेट्यांत घालून डोबोश तो गावोगाव पाठवत असे. साखरेने भरलेलं लोणी आणि वरून कॅरॅमलचं झाकण, असा तो प्रवासाला निघालेला केक होता. बटरक्रीमच्या पुढच्या सगळ्या भटकंतीत हाच प्रश्न आडवा येतो: थंडाव्याशिवाय ते उभं कसं राहणार?

आता लोण्याचा तोतया. तिसऱ्या नेपोलियनला आरमारासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी हवं होतं, म्हणून इपोलित मेज-मुरिएसने 1869 साली गाईच्या चरबीपासून मार्गारिन काढलं. 1902 साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मानने निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. 1911 साली अमेरिकेत अशा घट्ट तेलाचं क्रिस्को आलं, 1937 साली आपल्याकडे डालडा वनस्पती. एवढं पुरे.

खरी मौज सुरू होते ती या तोतयाला ओळखायचं कसं, या भांडणात. दोन पंथ होते. अमेरिकेतल्या काही राज्यांनी डोळ्यांना दिसणारी खूण मागितली. न्यू हॅम्पशरने तर मार्गारिन गुलाबी रंगवलेलं असल्याशिवाय विकायचं नाही, असा कायदा केला. 1898 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. तरी पिवळ्या मार्गारिनवरचे कर आणि बंद्या पुढे कित्येक दशकं चालल्या, विस्कॉन्सिनमध्ये तर 1967पर्यंत.

जर्मनीने 1897 साली दुसरी वाट धरली. खूण हवी, पण ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना नव्हे, तपासनिसाच्या परीक्षानळीला दिसावी. मार्गारिन करणाऱ्याने त्यात ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालायचं. मग कुणी ते लोण्यात मिसळलं तर तीळ ओळखणारी बोदुआँची चाचणी ते लगेच पकडणार. तिळाच्या तेलात एक असं द्रव्य असतं, ज्यातून आम्लाच्या संगतीत सेसमॉल सुटतं. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात चिमूटभर साखर विरघळवायची, त्यात वितळलेलं तूप किंवा लोणी घालून जोराने हलवायचं आणि नळी उभी ठेवायची. तूप वर येतं, आम्ल खाली बसतं. तीळ असेल तर खालच्या थराला किरमिजी रंग चढतो. साखर आम्लात मोडून फरफ्युरल जातीची द्रव्यं तयार होतात आणि ती सेसमॉलशी भिडली की हा रंग येतो. बोदुआँनंतर विलावेकिया आणि फाब्रिस या इटालियन रसायनज्ञांनी साखर काढून थेट फरफ्युरलच वापरायला सुरुवात केली. आज प्रयोगशाळेत तीच पद्धत चालते. पण मूळ चाचणीत साखरच होती. म्हणजे बेकरीच्या क्रीममध्ये, त्या साखरेच्या आणि वनस्पतीच्या गोळ्यात, या चाचणीची दोन द्रव्यं आधीच एकत्र फेसलेली असायची. कमी असायचं ते फक्त आम्ल.

भारतात हे भांडण अधिक पेटलं, कारण आपल्याकडे प्रश्न लोण्याचा नव्हता, तुपाचा होता. गांधीजींनी वनस्पतीविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर तर वनस्पतीवर बंदीच घालावी म्हणून संसदेत विधेयक आलं. बंदी नको असलेल्यांनी मधला मार्ग सुचवला: वनस्पतीला रंग द्या, म्हणजे ते तुपात लपणार नाही. मग असा रंग शोधण्याची खटपट सुरू झाली, जो खायला निर्धोक असेल, कढईत तापल्यावर उडणार नाही आणि भेसळवाल्याला सहज काढून टाकता येणार नाही. रतनजोतीचं नाव त्यात पुन्हा पुन्हा येई. रंग शेवटी आला नाही. राहिलं ते तिळाचं तेल.

इथे माझा लाडका सिद्धांत मांडतो. मुंबईच्या बेकरीचं पांढरंशुभ्र आयसिंग या निर्णयाचं अपत्य आहे. त्या काळी रतनजोत किंवा दुसरा कुठला रंग वनस्पतीत सक्तीचा झाला असता, तर पांढऱ्या केकवर पांढरा गुलाब काढताच आला नसता. हॅपी बर्थडेची अक्षरं, फिकट पिस्ता किनार, लग्नाचे मजले चढवलेले केक, या सगळ्याची पाटी कोरी राहिली ती जर्मन धर्तीची न दिसणारी खूण आपण पत्करली म्हणून. यावर कुणी म्हणेल, की तिळाची अट जर्मनांकडून उचललेली कशावरून? तीळ आपल्याकडे मुबलक, स्वस्त, सर्वांना मानवणारा. आपल्या रसायनज्ञांना तो आपोआप सुचला असेल. मुबलकतेचा मुद्दा मान्य. पण नकली वस्तूतच ओळखीचं तेल मिसळायला लावायचं आणि अस्सल वस्तूत ते सापडलं की चोर पकडायचा, ही उलटी चाल फार विशिष्ट आहे, आणि ती जर्मन कायद्यात अर्धशतक आधीपासून होती. तेल आपलं, चाल त्यांची, असं मी ठामपणे म्हणेन.

दुसरा वाद: बेकऱ्यांनी लोणी सोडून वनस्पती धरलं ते का? सगळे एका शब्दात उत्तर देतात: स्वस्त. मला हे अपुरं वाटतं. ज्या इराण्याच्या काउंटरवर क्रीमची पेस्ट्री मिळायची, त्याच काउंटरवर बन-मस्का मिळायचा, आणि मस्क्यासाठी लोकप्रिय असलेली दुकानं मस्का सोडत नव्हती. पैशाचाच सवाल असता तर मस्काही गेला असता. त्यावर प्रतिवाद असा, की मस्का गिऱ्हाईक जिभेवर ओळखतं, साखरेखाली दडलेली चरबी ओळखत नाही. हा प्रतिवाद भक्कम आहे. तरीही माझं पारडं हवेकडे झुकतं. लोणी 18-20 अंशांना फेसायला उत्तम, पंचविशीच्या पुढे ते ढिलं पडतं आणि 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळून जातं. मे महिन्यातल्या मुंबईत काचेच्या कपाटात, पंख्याखाली लोण्याचा गुलाब दुपारपर्यंत पाकळ्या टाकणार. वनस्पतीचा वितळणबिंदू नियमाने 31 ते 41 अंशांमध्ये ठेवलेला होता, आणि 37च्या आसपासचं वनस्पती त्या कपाटात निवांत उभं राहतं. डोबोशचा जुना प्रश्न इथे पुन्हा आला आणि त्याचं उत्तर डालडाच्या शिवडीतल्या कारखान्यातून मिळालं. अर्थात, त्याची किंमतही होती. अंगाच्या उष्णतेला न वितळणारी चरबी टाळूला चिकटते. बेकरीच्या क्रीमनंतर तोंडात मेणचट थर राहतो तो याचमुळे.

त्यात आणखी एक अडचण होती. आपलं वनस्पती मुद्दाम रवाळ केलेलं असे, कारण त्याला साजूक तुपासारखं दिसायचं होतं. क्रीमला नेमकं उलटं हवं असतं: बारीक स्फटिकांची मऊ चरबी, जिच्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतील. त्यामुळे सुरुवातीच्या कारागिरांना दाणे मोडेपर्यंत फेसत बसावं लागलं असणार. हे त्यांना जमलं कसं, याचं उत्तर मला आपल्या स्वयंपाकघरात सापडतं. नानकटाईसाठी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने गोल गोल फेसायची रीत घरोघरी होती. आधी ते मिश्रण जड, पिवळसर आणि करकरीत लागतं. मग तळव्याखाली साखरेचा आवाज बंद होतो, रंग उतरत जातो आणि परातीतला ऐवज फुगून दीडपट दिसू लागतो. त्यातलं थेंबभर मिश्रण पाण्यात टाकून ते तरंगतं का, हेही पाहत. इथे मैदा घातला की नानकटाई, न घालता कागदाच्या कोनात भरलं की आयसिंग. बलक आणि पाक वापरणारं फ्रेंच क्रीम आपल्या बेकऱ्यांत का रुजलं नाही आणि नुसत्या पिठीसाखरेचं क्रीम का रुजलं, याचं कारण मी या परातीत पाहतो.

घरी खऱ्या लोण्याचं बटरक्रीम करणाऱ्यांना हीच वंशावळ उपयोगी पडते. प्रमाण सोपं आहे: 100 ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याला वजनाने दुप्पट पिठीसाखर, चमचा-दोन चमचे दूध, थोडा व्हॅनिला इसेन्स. गोची लोण्यात असते. दुकानातल्या लोण्यात 80 टक्के स्निग्धांश असतो. घरी विरजणाचं ताक घुसळून काढलेल्या लोण्यात ताकाचं पाणी बरंच जास्त असतं, आणि तेच क्रीम फाडतं. असं लोणी बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग ताटात घेऊन उलथन्याने दाबत राहायचं, दर दाबाला कडेने पाण्याचे थेंब सुटतात ते ओतून द्यायचे. थेंब यायचे थांबले की लोणी तयार. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्च असतो. घरी मिक्सरवर दळलेल्या साखरेत तो नसतो, म्हणून ती दळल्या दळल्या चाळून वापरावी. लोणी आधी एकटंच पाच मिनिटं फेसायचं, पांढरं पडलं की साखर तीन हप्त्यांत घालायची. क्रीम फाटून पाणी सुटलेलं दिसलं तर टाकून देऊ नये. बहुतेक वेळा लोणी फार गार असतं, एवढंच. भांडं कोमट पाण्यावर अर्धा मिनिट धरून पुन्हा फेसलं की जुळून येतं. आणि ते पातळ, चकचकीत होऊन ओघळायला लागलं असेल तर उलट, दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

एप्रिल-मेमध्ये गुलाब काढायचेच असतील तर अर्धं लोणी आणि अर्धं बेकरी शॉर्टनिंग घ्यावं. अमेरिकेतले घरगुती केकवालेही उन्हाळ्यात हेच करतात. चवीला लोणी पुरतं, पाकळीला शॉर्टनिंग, आणि शॉर्टनिंग निम्म्यावर आल्यामुळे टाळूवरचा थर जाणवण्याइतका राहत नाही.