पाणी, माती आणि वैद्य

निसर्गोपचार म्हटला की आपल्यासमोर पुणे किंवा उरळीकांचन उभे राहते. परंतु या वाटेवरचा एक थोर वाटाड्या कॅथलिक धर्मगुरू होता, हे आपल्या धर्मग्रामांतील थोड्याच कुटुंबांना ठाऊक असावे. बव्हेरियातील एका विणकराच्या घरी १८२१ साली जन्मलेल्या सेबास्टियन क्नाइप यांना विद्यार्थिदशेत क्षयाने गाठले. थंड पाण्याच्या उपचारांवरील एक जुने पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि १८४९ च्या थंडीत ते डॅन्यूब नदीत क्षणभर बुडी मारून धावत घरी परतू लागले. प्रकृती सुधारली, १८५२ मध्ये गुरुदीक्षा झाली. १८५५ पासून वेरिसहोफेन येथील डोमिनिकन भगिनींच्या मठात पापनिवेदन ऐकण्याची सेवा त्यांच्याकडे आली आणि तेथे ते गोरगरिबांची दुखणीही ऐकू लागले. डॉक्टरांनी व औषधविक्रेत्यांनी त्यांच्यावर भोंदूपणाचा आरोप केला. १८८६ मध्ये त्यांचा जलोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना मॉन्सिन्योर ही पदवी दिली. (केवळ पाण्याने क्षय जातो, असे मात्र या कथेवरून आज कोणी मानू नये.)

त्याच जर्मनीतील लुई कुने आणि अडोल्फ युस्ट यांचे ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आले. पोटावर मातीची पट्टी आणि कटिस्नान हे उपचार त्यांनी स्वतःवर व कुटुंबीयांवर केले. तरीही १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेल्याने ती कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. पुढे ते विश्रांतीसाठी जुहूला राहिले. आम्हां जोगेश्वरीकरांना तो किनारा जवळचा, म्हणून ही आठवण येथे नोंदवाविशी वाटते.

पुण्यातील ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहता या पारशी गृहस्थांचे निसर्गोपचार केंद्र होते. तेथे गांधीजी अनेकदा राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथेच एक न्यास स्थापन झाला. परंतु गरिबांसाठीची संस्था शहरात काढणे ही चूक आहे, हे गांधीजींच्या लौकरच ध्यानी आले आणि २२ मार्च १९४६ रोजी ते उरळीकांचनला पोहोचले. रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, दूध, ताक, फळे, असे त्यांचे सांगणे असे. ते आठवडाभरच तेथे राहिले. मागे राहिले ते मणिभाई देसाई. विज्ञान शिकलेल्या या गुजराती तरुणाने उरळीतच आयुष्य घालवण्याचे व्रत घेतले आणि १९९३ मध्ये देह ठेवीपर्यंत ते पाळले. गाव निरोगी व्हायचे तर घरात दूध हवे, शेतात पीक हवे. या विचाराने त्यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभारली. निसर्गोपचारकाला गोठ्यापर्यंत जावे लागले, हे आम्हांला या इतिहासातील सर्वांत बोलके पान वाटते. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक पान मात्र जड आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. डॉ. मेहता त्यांच्यावर उपचार करीत होते, वैद्यही आले होते. पुत्र देवदास यांनी पेनिसिलिन आणवले. दर काही तासांनी सुया टोचून त्यांना यातना देऊ नयेत, असे गांधीजींचे मत पडले. २२ तारखेला त्यांनी देह ठेवला. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या काय, याचे उत्तर कोणाजवळ नाही. पण उपचारकाने कोठे थांबावे आणि कोठे दुसऱ्याला हाक द्यावी, हा प्रश्न तेव्हापासून या शास्त्राच्या उंबरठ्यावर उभा आहे.

ताडीवाला रोडवरील त्याच वास्तूत, बापू भवनात, २२ डिसेंबर १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. आज या विद्येची साडेपाच वर्षांची पदवी घेता येते. असा शिकलेला उपचारक वजन, झोप, आहार, बसून राहण्याची सवय यांविषयी विचारतो आणि रुग्णाने घरी काय करावे ते शिकवतो. छातीत कळ आली किंवा द्रुतगती महामार्गावर अपघात झाला, तर मात्र तो मातीची पट्टी भिजवीत बसत नाही. जोगेश्वरी पूर्वेच्या ट्रॉमा रुग्णालयाची वाट दाखवतो. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन डॉक्टरांना न विचारता बंद करायला सांगणारा मनुष्य, भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लावून बसलेला असो, आम्ही त्याला निसर्गोपचारक म्हणणार नाही.