आनंदीबाई जोशी अमेरिकेला पोहोचल्या, त्याआधीच १२० चिनी मुलांना परत का बोलावलं होतं?

साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, सोबत जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली. ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियात काढलेला हा फोटो तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केला असेल. तिघीही तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. पण त्या काळात अमेरिकेत शिकायला मोठ्या संख्येने मुलं पाठवणारा आशियाई देश होता चीन. ती मुलं कुठे होती?

बहुतेक जण मायदेशी परतले होते, तेही शिक्षण अर्धवट सोडून.

१८५४ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतलेल्या युंग विंग यांनी चीन सरकारच्या मागे लागून ही योजना मंजूर करून घेतली होती. १८७२ ते १८७५ या काळात चार तुकड्यांत १२० मुलं अमेरिकेतल्या कनेक्टिकटला गेली. सगळे मुलगेच, बरेचसे १०-१५ वर्षांचे. १५ वर्षं शिकायचं आणि परत येऊन सरकारी सेवा करायची, असं ठरलं होतं. मुलं अमेरिकन कुटुंबांत राहिली, बेसबॉल खेळू लागली. काहींनी लांब वेणी कापली, काही चर्चमध्ये जाऊ लागले. वेणी ही तिकडे साधी गोष्ट नव्हती, ती चिंग राजवटीवरच्या निष्ठेची खूण होती. पोरं हातची चालली, अशी अधिकाऱ्यांना धास्ती वाटली. त्यात अमेरिकेने लष्करी आणि नौदल अकादमीत त्यांना प्रवेश नाकारला. १८८१ मध्ये योजना गुंडाळली गेली.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. विद्यार्थ्यांना सूट होती, पण त्यासाठी चीन सरकारचा दाखला लागायचा. हा कायदा १९४३ पर्यंत टिकला. भारतीयांवर अशी बंदी तेव्हा नव्हती, ती १९१७ मध्ये आली.

आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या ४ जून १८८३ रोजी. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. पाठीशी सरकारी योजना वगैरे काही नाही. होते ते टपाल खात्यात नोकरी करणारे नवरा गोपाळराव आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई, ज्यांच्याशी तोवर फक्त पत्रांतून ओळख होती.

पण घरच्यांची, गावकीची शंका तीच होती, जी चिनी अधिकाऱ्यांना होती: परत येताना ही आपली राहील का? निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंना भाषण करून उत्तर द्यावं लागलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी जाहीर केलं. अठरा वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा! आणि शब्द पाळलाही. आहार शाकाहारीच ठेवला. थंडीसाठी साडी फक्त गुजराती पद्धतीने नेसू लागल्या.

मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री विभागाची नेमणूकही मिळाली, पण क्षयाने काम सुरूच होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता.

बिघडली म्हणून परत बोलावलेल्या त्या मुलांचं पुढे काय झालं? झान तियान्यू यांची येलची पदवी परतण्याआधी जेमतेम पूर्ण झाली होती. त्यांनी डोंगरातून बीजिंग-झांगजियाको रेल्वेमार्ग बांधला, तो १९०९ मध्ये पूर्ण झाला. तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले.

आनंदीबाईंच्या अस्थी मात्र कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.