लाउझित्समधील खाणतळी आणि त्यांचे गणित

जर्मनीच्या पूर्व सीमेलगतच्या ज्या प्रदेशास जर्मन भाषेत लाउझित्स म्हणतात, त्याचे मूळ नाव स्लाव्ह आहे. तेथील सॉर्ब लोक त्यास ‘वुझित्सा’ म्हणतात. दलदल हा त्या नावाचा मूलार्थ होय. रशियन भाषेतील ‘लूझा’, म्हणजे डबके, हा शब्द त्याच कुळातला. या पाणथळ भूमीखालील लिग्नाइट काढावयाचा, तर आधी भूजल उपसणे प्राप्त होते. हे काम इतक्या निष्ठेने झाले, की १९९० च्या सुमारास दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रातील भूजल खालावलेले होते.

जर्मन एकीकरणानंतर बहुतेक खाणी बंद पडल्या व खड्डे उरले. झेन्फ्टेनबर्गचे उदाहरण जवळच होते. तेथील खाण १९६७ ते १९७२ या काळात श्वार्त्से एल्स्टर नदीच्या पाण्याने भरून १९७३ साली तळे लोकांस खुले झाले होते. परंतु एक तळे भरणे निराळे आणि त्याच मोजक्या नद्यांवर तळ्यांची मालिका भरणे निराळे.

पंप थांबविले की खड्डा आपोआप भरेल, मग गणित कशास, असे कोणासही वाटेल. उकरलेल्या मातीत पायराइट, म्हणजे लोह व गंधक यांचे संयुग असते. उपशामुळे त्यास हवा लागून आम्ल बनते आणि परतणारे भूजल ते तळ्यात आणते. पार्टविट्झच्या तळ्याचा सामू प्रारंभी ३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ शिरक्याइतका होता. नदीचे पाणी हे आम्ल काही अंशी मारते. शिवाय तळे त्वरेने भरल्यास त्याची पातळी भोवतालच्या भूजलाहून उंच राहून प्रवाह बाहेरच्या दिशेस वळतो. म्हणून येथे दोन प्रतिमाने परस्परांस जोडावी लागतात. पहिले भूमीचे लहान चौकोन कल्पून प्रत्येकातून किती पाणी कोठे जाईल ते सांगते. दुसरे त्या पाण्यातील आम्ल, लोह व क्षार यांचा जमाखर्च मांडते. कोणत्या तळ्यास नदी केव्हा द्यावयाची, हे त्यावरून ठरते. स्प्रे नदी पुढे बर्लिनला जाते. तिचा प्रवाह घटला की तळ्यांचा वाटा बंद होतो. मग नौकांतून चुना पसरणे एवढाच मार्ग उरतो.

काठांचा हिशेब याहून अवघड ठरला. सैल भरावाची वाळू पाण्याने भिजली की अकस्मात द्रवासारखी वाहू लागते. झेन्फ्टेनबर्गच्या तळ्यातील बेटाचा काठ २०१८ साली असाच सरकला, आणि पंचेचाळीस वर्षे निर्धास्तपणे वापरलेले तळे बंद करावे लागले.

या कार्यास जर्मन भाषेत ‘झानीरुंग’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी रोग बरा करण्याची कल्पना आहे. मराठीत आपण ‘पुनर्वसन’ म्हणतो, आणि धरणग्रस्तांच्या आठवणीमुळे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम माणसे येतात. लाउझित्समध्ये शंभराहून अधिक गावे कोळशासाठी अंशतः वा पूर्णतः हटविली गेली. त्यांत सॉर्ब वस्ती पुष्कळ होती. आर्नोश्त मुका याने १८८० नंतरच्या दशकात गावोगाव फिरून सॉर्ब भाषकांची गणना केली, तेव्हा सुमारे १,६६,००० आकडा भरला. त्यांतील कित्येक गावे आता नकाशावर नाहीत. भाषा ओसरण्यास शाळा, शहर व राजसत्ता हीही कारणे होती. परंतु वस्ती विखुरल्यावर ती बोलावयास शेजारीच उरत नाही. प्रतिमानांच्या कोष्टकांत या गोष्टीस रकाना नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. वर उल्लेखिलेले पार्टविट्झ हे नाव मात्र अशाच एका हटविलेल्या गावाचे आहे. सॉर्ब लोक त्यास ‘पार्त्सोव’ म्हणत.