नक्कल करणारा रूबेन्स

इ. स. १६२८ च्या सप्टेंबरात पीटर पॉल रूबेन्स माद्रिदला पोचला तो राजकीय वकील म्हणून. स्पेन आणि इंग्लंड यांच्यातल्या तहाची बोलणी पुढे न्यायची हे त्याचे काम. वय ५१, युरोपभर नाव झालेले, अँटवर्पला स्वतःची भरभराटीची चित्रशाळा. पण वकिलीत ताटकळणे फार. दरबारची व्यक्तिचित्रे काढून उरलेल्या वेळात या माणसाने काय करावे? राजा चौथा फिलिप याच्या संग्रहातल्या तिशियनच्या चित्रांच्या तो नकला करीत बसला.

'नक्कल करायलाही अक्कल लागते' असे आपण चिडवायला म्हणतो. रूबेन्सच्या बाबतीत मला ते शब्दशः खरे वाटते. तैलचित्र पुरे झाले की स्वतःची कृती लपवते. गालावरची लाली दिसते. पण तिच्याखाली राखाडी थर होता की तपकिरी, ती ओल्या रंगात मिसळली की वाळलेल्या थरावर तेलाने पातळ करून चढवली, हे नुसते पाहून सांगता येत नाही. विचारायचे कोणाला? तिशियन १५७६ मध्येच वारला होता, रूबेन्सच्या जन्माच्या आदल्या वर्षी. कुंचला घेऊन तोच चेहरा पुन्हा रंगवू लागले, की उजेडात रंग जाड आणि सावलीत पातळ का, कडा कुठे धारदार आणि कुठे विरलेली, हे हाताला कळू लागते.

मात्र ही घोकंपट्टी नव्हती. तिशियनचे 'आदम आणि ईव्ह' आणि रूबेन्सची नक्कल दोन्ही आज प्रादो संग्रहालयात आहेत. रूबेन्सने झाडावर एक पोपट बसवला आणि आदमची बैठक बदलली! याउलट, उपसलेली तलवार हाती धरलेल्या पाचव्या चार्ल्सचे तिशियनने काढलेले व्यक्तिचित्र आज नाही. ते कसे होते, हे रूबेन्सच्या नकलेवरून कळते. शिष्याने दिलेली ही गुरुदक्षिणाच म्हणायची.

त्याच दरबारात २९ वर्षांचा दिएगो वेलास्केझ चित्रकार होता. त्याचा सासरा पाचेको लिहितो, की माद्रिदच्या चित्रकारांत रूबेन्सने फारशी ऊठबस ठेवली नाही, जावयाशी मात्र त्याचे जमले. दोघे मिळून एस्कोरियल पाहून आले. १६२९ च्या वसंतात रूबेन्स परतला आणि त्याच ऑगस्टात वेलास्केझ इटलीला निघाला. व्हेनिसमध्ये त्यानेही टिंटोरेट्टोच्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे त्याच्या कॅनव्हासवरचे अस्तर फिकट होत गेले, रंग पातळ.

त्याच्या उत्तरायुष्यातल्या 'सूत कातणाऱ्या स्त्रिया' या चित्रात मागच्या पडद्यावर तिशियनची 'युरोपा' आहे, रूबेन्सने माद्रिदला नक्कल केली तीच. १६५६ च्या 'लास मेनिनास'मध्ये मागच्या भिंतीवर जी अंधूक चित्रे दिसतात, त्यांतली वरची दोन मोठी म्हणजे वेलास्केझचा जावई माझो याने रूबेन्स आणि योर्डान्सवरून केलेल्या नकला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या समूहचित्रात भिंतीवर नकला टांगलेल्या आहेत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

१८७९ मध्ये २३ वर्षांचा जॉन सिंगर सार्जंट प्रादोत त्याच 'लास मेनिनास'ची लहानशी नक्कल करीत होता. तीन वर्षांनी त्याने पॅरिसमध्ये बॉइट घराण्यातल्या चार मुली रंगवल्या, अंधाऱ्या खोलीत विखुरलेल्या. ते चित्र बॉस्टनला असते. २०१० मध्ये ते प्रादोत आणून 'लास मेनिनास'शेजारी लावले होते.