एकोणचाळीस मिनिटे

माझे वडील निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण अजूनही ते पहाटे पाचला दचकून जागे होतात. अंधेरीची ६.५२ ची लोकल चुकेल, ही भीती त्यांच्या अंगात मुरली आहे. "बाबा, आता कुठं जायचंय तुम्हाला?" असे विचारले, की ओशाळून हसतात. डॉक्टर या दुखण्याला 'ताण' म्हणतात. मी पडलो इतिहासाचा मास्तर. मी त्याचे मूळ सनावळीत शोधू लागलो.

मुंबईला एके काळी स्वतःची वेळ होती. सूर्य मुंबईच्या माथ्यावर आला, की मुंबईत बारा वाजत. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने देशासाठी एकच प्रमाणवेळ लागू केली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटे पुढे होती. घड्याळ पुढे गेले; सूर्य मात्र जागचा हलला नाही. भोंग्याआधी गिरणी गाठायची, तर अंधारातच घर सोडणे आले. त्याच महिन्यात गिरणी कामगार याविरुद्ध उठले. मुंबईची जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती. आज कोणाला तो हट्ट वाटेल. मला तसे वाटत नाही. त्या लोकांना आपले काय जाते आहे, हे कळले होते.

५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. उपनगरे कचेरीला जवळ आली आणि माणसे अंतर मैलांऐवजी मिनिटांत मोजू लागली. शेतकऱ्यालाही पावसाची चिंता होतीच; पण पाऊस कधी मस्टरवर लाल खूण करीत नसे.

१९३६ साली माँट्रिअलच्या हॅन्स सेल्ये यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की थंडी असो, जखम असो वा विष, शरीर ठरावीक एकाच रीतीने त्याला तोंड देते. पुढे यालाच 'स्ट्रेस' हे नाव मिळाले. थोडा वेळचा ताण उपकारकच. गाडीमागे धावताना पायांत बळ तोच आणतो. पण गाडी मिळाल्यावर तो उतरला पाहिजे. बाबांचा चाळीस वर्षांत उतरला नाही.

गेल्या नरकचतुर्दशीला बाबा नेहमीप्रमाणे पाचला दचकून उठले. पाहतात तो सारे घर जागे! आईने त्यांना पाटावर बसवले आणि पाठीला तेल लावायला घेतले.

"किती वाजले गं?" त्यांनी विचारले.

"अजून उजाडायचंय," आई म्हणाली.

त्या दिवशी बाबांनी पुन्हा वेळ विचारली नाही.