कॅमेरा कोणाचा, महोत्सव कोणाचा?

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट २००९ सालचा. मधल्या ३७ वर्षांत आपल्या लेखकांनी कविता लिहिली, कथा लिहिली, आत्मकथनांनी तर मराठी गद्याची सगळी घडी विस्कटून टाकली. मग गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाने हाती कॅमेरा घेऊन आपले जगणे पडद्यावर मांडावे आणि देशाने त्याची दखल घ्यावी, याला एवढा काळ का लागावा? त्याआधी कोणी धडपडलेच नाही असे माझे म्हणणे नाही. पण साहित्याच्या क्षेत्रात जे १९७० च्या आसपास घडले ते चित्रपटाच्या क्षेत्रात घडायला पुढची पिढी उजाडावी लागली, हे नाकारता येत नाही.

याचे उत्तर प्रतिभेत शोधणारे शोधोत. मला ते हिशेबाच्या वहीत सापडते. कवितेला शाळेची अर्धी कोरी वही पुरते. नियतकालिक काढायचे तर वर्गणी गोळा करता येते, सायक्लोस्टाइल करता येते. चित्रपटाचे तसे नाही. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटी रिळात जेमतेम ११ मिनिटांचे चित्रण मावते. ते रीळ विकत घ्यायचे, प्रयोगशाळेत धुऊन घ्यायचे, त्याची प्रत काढायची, आवाज निराळा नोंदवायचा आणि दृश्य फसले तर पुन्हा पहिल्यापासून. शेतमजुराच्या पोराने हा खर्च कोठून करावा? प्रस्थापितांनी आपल्याला कॅमेऱ्यापासून दूर ठेवण्यासाठी कोणतीही बंदी घातली नव्हती. बंदीची गरजच नव्हती.

बरे, पडद्यावर आपण नव्हतोच असेही नाही. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ सालची. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी तिचे अनुबोधपट दाखवणे सक्तीचे होते. माझ्या पिढीने देश पाहिला तो तेथे. त्यांत दलित वस्ती दिसली तर ती बहुधा योजनेची लाभार्थी म्हणून दिसे. हातपंप दिसे, पाटी घेतलेले पोर दिसे, आणि वरून निवेदकाचा घोटीव आवाज येई. ज्याचे चित्रण झाले तो माणूस स्वतः बोलत नसे. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) मध्ये झोपडपट्टीतली माणसे स्वतः बोलली आणि शाहीर विलास घोगरे त्यात गायले, म्हणून तो अनुबोधपट मला मोलाचा वाटतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मरणापासून सुरू झालेले चित्रण १४ वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' या रूपाने पूर्ण झाले. हा तीन तासांचा चित्रपट लघुपट खचितच नव्हे. त्याचा कर्ताही आपल्या वस्तीतला नाही. पण तो महोत्सवांत गेला तसा मुंबईच्या वस्त्यांतून आणि चाळींतूनही गेला, एवढ्यासाठी त्याची आठवण येथे करतो.

येथे खानदेशाच्या सीमेवरचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. धुळ्याच्या दक्षिणेला मालेगाव. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. गरीब मुसलमान कामगार वस्तीतल्या हौशी मंडळींनी स्थानिक प्रेक्षकांसाठी केलेला तो उद्योग होता. पुढे २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा अनुबोधपट केला आणि तो देशोदेशीच्या महोत्सवांत नावाजला गेला. २०२४ साली तर त्यांच्यावरचा कथापट टोरांटोच्या महोत्सवात दाखल झाला. मालेगावकरांचे मूळ चित्रपट मात्र मालेगावातच राहिले. हे करणाऱ्यांच्या हेतूंवर मला शंका घ्यायची नाही. व्यवस्था कशी चालते तेवढे पाहावे. गरिबाने केलेली कलाकृती महोत्सवाला फारशी लागत नाही, त्याने ती कशी केली याची गोष्ट लागते.

'पिस्तुल्या'चे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले, आधी कवी. तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचे शिक्षण घेताना त्यांनी हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या आणि दारिद्र्याने चोरीच्या वाटेला लावलेल्या पोराची ती कहाणी. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटाला मिळणारा सन्मान त्याला मिळाला. चार वर्षांनी, २०१३ च्या मुंबई महोत्सवात, 'फँड्री' आला. पहिल्या छोट्या कामाने पुढच्या मोठ्या कामाचे दार उघडले, आणि महोत्सवाचा खरा उपयोग मला हाच दिसतो.

पण हे दार सर्वांसाठी सारखे उघडत नाही. अनुबोधपट आणि लघुपटांचा मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला. परदेशी चित्रपटांना ती अट नव्हती! तेव्हा अनुबोधपटकारांनी संघटित होऊन 'विकल्प' नावाने स्वतःचा समांतर महोत्सव भरवला. जून २०१७ मध्ये केरळच्या लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना केंद्रीय मंत्रालयाने सेन्सॉरमुक्तीची सवलत नाकारली. त्यांपैकी एक रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या विद्यार्थी आंदोलनावरचा होता. आज मोबाईलने रिळाचा खर्च संपवला आहे. अशा पहाऱ्यांचे मात्र काय?

हा प्रश्न मला आता पुस्तकी राहिलेला नाही. असोद्याला आमच्या वस्तीतल्या पाच-सहा तरुणांनी बारा मिनिटांचा लघुपट केला आहे. केळीचे घड वाहून ट्रक भरणाऱ्या बापाबरोबर कामाला जाणारा मुलगा हा त्याचा विषय. तो महोत्सवांना पाठवायचा म्हणून ते माझ्याकडे आले. प्रत्येक महोत्सवाची प्रवेश फी निराळी, बरीचशी डॉलरमध्ये. त्यात पानांची नक्षी असलेले मानचिन्ह दर महिन्याला वाटणारे, फीवर जगणारे दुकानदार महोत्सवही पुष्कळ. शहरातल्या एका जाणकाराने त्यांना सल्ला दिला की जातीचे थोडे कमी करा, म्हणजे विषय वैश्विक होईल. भूक वैश्विक आणि जात स्थानिक, हे कोणी ठरवले?

याहून अवघड प्रकरण इंग्रजी उपशीर्षकांचे निघाले. मळेवाला मुलाला विचारतो, "कोनाचा रे तू?" मराठी प्रेक्षकाला हे कळायला क्षण लागत नाही. हा नावाचा प्रश्न नाही, बापाचाही नाही. एका भाषांतरकाराने त्याखाली लिहून दिले, "व्हॉट इज युअर नेम?" त्यातला 'रे' गेला, तो एकेरी 'तू' गेला, आणि मळेवाला एकदम सभ्य गृहस्थ झाला. मुले चिडली. एकाने सुचवले, सरळ लिहू, "तुझी जात कोणती?" त्यावर कॅमेरा धरणारी मुलगी म्हणाली, "सर, तो जात हा शब्द काढतच नाही ना. म्हणून तर तो तसं विचारतो." मला तिचे म्हणणे पटले. त्यावर चार संध्याकाळी वाद झाला.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगितली. काही महोत्सवांची अट असते की चित्रपट आधी कोठे दाखवलेला नसावा. असे महोत्सव यादीतून काढा आणि पहिला खेळ वस्तीत करा. आंबेडकरी जलसा आधी वस्तीत उभा राहिला, मग त्याची कीर्ती बाहेर गेली. मुलांनी समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधून तो केला. केळी भरणारे बरेचजण आले होते. "कोनाचा रे तू?" या वाक्याला मागच्या रांगेतून एक म्हातारा मोठ्याने काही बोलला. ते ध्वनिमुद्रित झालेले नाही आणि येथे छापण्याजोगेही नाही. उपशीर्षकाची ती ओळ मुलांनी अजून रिकामीच ठेवली आहे.