बिल्ला, पेटी आणि आतली हवा

आजचा भाग शोकेसबद्दल आहे. हो, बरोबर ऐकलंत. तलवारी, चिलखतं, पदकं यांच्यावर सगळेच बोलतात. आज आपण त्या वस्तू ज्या पेटीत ठेवतात, त्या पेटीचा इतिहास बघू.

सुरुवात घरातून करतो. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात ते ११४व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. त्याच मुलखात, कुत इथे, २९ एप्रिल १९१६ रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनला शरण जावं लागलं होतं. तिच्यातही मराठा पलटणी होत्या. पणजोबा मात्र घरी परतले. त्यांची एकच वस्तू आज आमच्याकडे आहे: ब्रिटिश वॉर मेडल. ३६ मिलिमीटर व्यासाचं चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. आमच्या घरात त्याला नुसतं ‘बिल्ला’ म्हणतात.

या पदकाचं मोल चांदीत नाही, कडेवर आहे. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्याकडे पणजोबांचं सर्व्हिस बुक नाही, फोटो नाही, पत्र नाही. जोडीनं मिळणारं कांस्याचं व्हिक्टरी मेडलही कधीतरी हरवलं. म्हणजे आमच्या घरापुरतं बोलायचं तर ‘हा माणूस तिथे होता’ असं सांगणारी तेवढी एक कड.

आणि ती कड आम्हीच झिजवत होतो. दर खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत बिल्लाही असतो. त्याआधी आत्या तो रांगोळीनं लख्ख घासते. तिच्या आधी आजी घासायची. चांदी काळी पडते म्हणजे सल्फाइडचा थर चढतो, आणि तो थर चांदीचाच बनलेला असतो. घासून काढला की थोडी चांदीही गेली. शंभर वर्षं हे चालल्यावर अक्षरं किती उरणार?

मला वाटलं, पेटी केली की प्रश्न मिटेल. पाच-सहा वर्षांपूर्वी सुताराकडून प्लायवूडची छान पेटी करून घेतली. आत हिरवं लोकरी फेल्ट, वरून काच, काचेला रबराची पट्टी. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या दसऱ्यापर्यंत बिल्ला इतका काळा पडला की उघड्या कपाटात कधी पडला नव्हता. आत्या म्हणाली, “पेटी केलीस की कोळशाची वखार?” आणि तिनं दुप्पट जोरानं घासला.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. मीही रांगेत होतो. सगळे वाघनखं बघत होते, मी काचेची पेटी बघत होतो. ही काच चोराला अडवेल, धुळीला अडवेल. पण आतल्या हवेचं काय? तिथून मी या विषयाच्या मागे लागलो.

गंमत बघा, ही गोष्ट पणजोबांच्याच युद्धापाशी जाते. ते मेसोपोटेमियात होते त्या महायुद्धात लंडनवर जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती. ब्रिटिश म्युझियमनं आपल्या कितीतरी वस्तू सुरक्षित राहाव्यात म्हणून जमिनीखालच्या बोगद्यात हलवल्या. बॉम्बपासून त्या वाचल्या. पण युद्ध संपल्यावर बाहेर काढल्या तेव्हा लोखंडाला गंज, कांस्यावर हिरवे डाग, दगड-मातीच्या वस्तूंवर क्षार फुटलेले. बोगद्यातल्या दमट हवेनं काम केलं होतं. अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं आणि १९२० मध्ये म्युझियमची प्रयोगशाळा सुरू झाली.

आता लाकडाचं. १८९९ मध्ये लॉफ्टस बाइन या इंग्रज शिंपले-अभ्यासकानं एका विचित्र रोगाबद्दल लिहिलं. कपाटात नीट ठेवलेल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी येत होती. त्याला जंतूंचा संशय होता. खरा गुन्हेगार होतं कपाटाचं लाकूड. लाकडातून, विशेषतः ओकमधून, ॲसिटिक ॲसिडची वाफ सतत निघत असते. म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल. तीच वाफ शिशाला खाते. जुन्या बंदुकांच्या शिशाच्या गोळ्या ओकच्या देखण्या खणात ठेवल्या, की काही वर्षांत त्यांच्यावर पांढरं पीठ चढतं. रणांगणातून वाचलेली गोळी कपाटात मरते.

मग १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी एक साधी चाचणी मांडली. पेटीसाठी जे कापड, फळी, गोंद वापरायचा त्याचा तुकडा काचेच्या बंद नळीत घालायचा. सोबत थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांच्या शुद्ध पट्ट्या. आज सर्रास ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवतात. चांदी काळवंडली तर गंधक आहे. शिसं पांढरं पडलं तर आम्लं आहेत. तांब्यावरून क्लोराइडसारखे इतर उपद्रवी कळतात. पट्ट्या स्वच्छ राहिल्या तरच ते सामान पेटीत जातं. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच पटलं: प्रॉडक्शनमध्ये टाकण्याआधी टेस्ट करा!

मी घरी याची गावठी आवृत्ती केली. तीन बरण्या. एकीत फेल्ट, एकीत प्लायवूड, एकीत धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड. प्रत्येकीत सोनाराकडून आणलेली चांदीची पट्टी, मासेमारीच्या गळाचं शिसं आणि झाकणभर पाणी. मे महिन्यात गच्चीवर, सावलीत. ६० अंश कायम धरणं मला शक्य नव्हतं, म्हणून याला खरी ऑडी टेस्ट म्हणणार नाही. पण महिनाभरानं फेल्टच्या बरणीतली चांदी पिवळट-तपकिरी झाली होती. लोकरीत मुळातच गंधक असतं, आपल्या केसांत असतं तसं. प्लायवूडच्या बरणीतलं शिसं पांढुरकं पडलं होतं. सुती कापडाच्या बरणीत काही नाही.

म्हणजे मी बाहेरची हवा अडवायला पेटी घट्ट केली आणि फेल्ट, प्लायवूड, रबर या तिघांना बिल्ल्यासोबत आत कोंडलं. गंधक घालून पक्कं केलेलं रबरही चांदीला काळं करतं. पेटी जितकी घट्ट, तितका आतल्या सामानाचा त्रास जास्त.

नवी पेटी मी स्वतः केली. चौकट ॲल्युमिनियमची, वर ॲक्रिलिक. सांधे भरायला आंबट वासाचं सिलिकॉन नाही, कारण तो वास ॲसिटिक ॲसिडचाच असतो. न्यूट्रल प्रकारचं घेतलं आणि पूर्ण सुकल्यावर तीन आठवडे उघडं ठेवलं. तळाला सुती कापड, खालच्या कप्प्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. पावसाळ्यात जेल महिन्यातून एकदा गरम करून सुकवतो. पदकाची फीत रेशमी आहे, मधे नारिंगी, कडेला पांढरे, काळे, निळे पट्टे. उडालेला रंग परत येत नाही, म्हणून पेटी खिडकीसमोरून हलवली. संग्रहालयं कापडासाठी साधारण ५० लक्स प्रकाश धरतात. आमच्या बैठकीच्या खोलीत दुपारी त्याच्या कितीतरी पट होता.

पदक आत ठेवण्याआधी मोबाइलचा टॉर्च कडेला तिरका धरून फोटो काढले. सावलीत अक्षरं उठली. नंबरचे दोन आकडे गेलेत, हुद्दा जवळजवळ गेलाय, आडनाव अर्धं आहे. नाव आणि पलटण वाचता येते. तेवढं उरलंय. म्हणून बिल्ला आडवा न ठेवता उभा बसवलाय आणि मागे छोटा आरसा, कड दिसावी म्हणून.

आत्याला फोटो दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी पुसलं होय त्यांचं नाव?” मी म्हटलं, आत्या, तू घासत होतीस म्हणून तर तो शंभर वर्षं देवघरात राहिला. नाहीतर मोडीत गेला असता. हे मी तिची समजूत काढायला बोललो नाही. चांदीची पदकं किती घरांतून वितळली असतील, विचार करा. कुणीतरी दरवर्षी हातात घेतलं म्हणून आमचं टिकलं आणि त्याच हातांनी झिजलंही.

गेल्या खंडेनवमीला तिनं हळद-कुंकू पेटीच्या चौकटीला लावलं, फूल वर ठेवलं. बिल्ला थोडा मळकट दिसत होता. ती दोनदा म्हणालीच, “जरा पुसला असता तर...” पण पेटी उघडली नाही.

तुमच्याही घरी आजोबा-पणजोबांचं पदक असेल तर या आठवड्यात एवढं करा: घासू नका. टॉर्च तिरका धरा, कड वाचा, फोटो काढून ठेवा. पेटी नंतर बघू.

भेटू पुढच्या भागात.